काळी चंद्रकोर

रूळ तुटला की तुटलेल्या तोंडाला बोट लावायचं नाही. घामाचा हात लागला तरी थोड्या वेळात तिथे तांबूस गंज धरतो, आणि मग जुनी भेग कुठे संपली नि ताजी मोड कुठे सुरू झाली हे ओळखणं अवघड होऊन बसतं. नोकरीच्या पहिल्याच वर्षी एका म्हाताऱ्या मुकादमाने मला हे शिकवलं होतं. त्याचा खरा उपयोग झाला तो अठरा वर्षांनी, जानेवारीतल्या एका पहाटे. माझ्या सेक्शनमध्ये रात्रीच्या एक्स्प्रेसचे मागचे पाच डबे घसरले होते आणि मी टॉर्च घेऊन खडीवर गुडघे टेकून बसलो होतो.

मी रेलपथ विभागात सेक्शन इंजिनिअर होतो. जुने लोक आम्हाला अजूनही पीडब्ल्यूआय, म्हणजे परमनंट वे इन्स्पेक्टर, म्हणतात. काळ्या मातीच्या मुलखातला सेक्शन. त्यातले रूळ, स्लीपर, खडी, मोऱ्या, गँगमन, रोज चालत रूळ तपासणारे चावीवाले, सगळं माझ्या अखत्यारीत. गाडीचं, स्टेशनचं नि मंडळाचं नाव लिहीत नाही, कारण त्यात गुंतलेली माणसं अजून आहेत. आणि मला सांगायचंय ते अपघाताबद्दल कमी, त्यानंतरच्या चौकशीबद्दल जास्त. पेपरात एक ओळ येते, ‘रेल्वे सुरक्षा आयुक्तांमार्फत चौकशीचे आदेश देण्यात आले आहेत.’ त्या ओळीनंतर काय होतं, हे साक्षीदाराच्या खुर्चीवरून कुणी लिहिलेलं मी तरी वाचलेलं नाही. म्हणून वीसेक वर्षांनी लिहायला बसलो आहे.

त्या रात्री कुणी दगावलं नाही. अकराजण गंभीर जखमी होते. आमच्या आधी, ब्रेकडाउन गाडीच्या आधी, पोचले ते आसपासच्या ज्वारीत राखणीला बसलेले शेतकरी. त्यांनी तुराट्यांच्या शेकोट्या पेटवल्या, कलंडलेल्या डब्यांच्या खिडक्यांतून माणसं काढली, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत घालून तालुक्याच्या दवाखान्यात नेली. मी पोचलो तेव्हा एक ट्रॉली बांधाआड वळत होती. शेकोटीशी एक बाई मांडीवरच्या पोराला आपल्या शालीत गुंडाळून बसली होती आणि जो येईल त्याला विचारत होती, “आमचे मास्तर दिसले का हो?” मास्तर सापडले, पाय मोडलेले पण शुद्धीवर. तिची पुन्हा गाठ पडायची होती.

अपघातात माणसाला गंभीर दुखापत झाली तरी रेल्वे कायद्याचं ११३ वं कलम लागतं. जवळच्या स्टेशन मास्तरने जिल्हाधिकाऱ्यांना आणि पोलीस अधीक्षकांना कळवायचं, रेल्वेने सुरक्षा आयुक्तांना कळवायचं. इथे एक गोष्ट बहुतेकांना माहीत नसते. रेल्वे सुरक्षा आयुक्त रेल्वेच्या हाताखाली नसतात. ते येतात नागरी विमान वाहतूक मंत्रालयाखाली, आणि त्यांच्या मुख्य आयुक्तांचं कार्यालय लखनौला आहे. रेल्वेच्या चुका शोधणारा माणूस विमानांच्या मंत्रालयाचा पगार घेतो, हे ऐकून लोकांना नवल वाटतं. पण मुद्दाम तसं केलेलं आहे. पूर्वी रेल्वेचे निरीक्षक रेल्वे बोर्डाच्याच हाताखाली असत. १९३७ साली बिहारमध्ये बिहटाजवळ मोठा अपघात झाला, शंभराहून जास्त माणसं गेली. तिथल्या इंजिनांच्या जातीची तपासणी करायला नेमलेल्या समितीने, रेल्वे चालवणारे आणि तिची तपासणी करणारे एकाच छत्राखाली नसावेत हा विचार पुढे रेटला. १९४१ मध्ये निरीक्षक रेल्वे बोर्डापासून वेगळे झाले. आयुक्त स्वतः रेल्वेतूनच गेलेले अनुभवी इंजिनिअर असतात, रूळ त्यांना कळतो. पण गाडी वेळेवर चालवण्याचं ओझं त्यांच्या डोक्यावर नसतं. हे ओझं म्हणजे काय, ते त्या पहाटे माझ्या खिशात दर दहा मिनिटांनी वाजत होतं.

गाड्यांची ये-जा सांभाळणाऱ्या कंट्रोल ऑफिसचा प्रश्न एकच: “लाइन कधी देता?” मागे सात गाड्या अडकल्या होत्या. क्रेन निघाली होती. क्रेन लागली, डबे उचलले, मोडका रूळ बाजूला फेकून नवा घातला की अपघाताची जागा पुसली जाते. चौकशीला लागणारं सगळं त्याच्या आधी नोंदवून घ्यायचं असतं, आणि ते नोंदवणारे असतात पाच खात्यांचे पाच सुपरवायझर: ट्रॅफिक, लोको, कॅरिज-वॅगन, सिग्नल आणि रेलपथ. पाचही जण जे पाहतात त्याची एक जॉइंट नोट होते, तिच्यावर पाच सह्या. तुटला तो बिंदू शून्य धरायचा आणि तिथून मागे-पुढे दर तीन मीटरवर रुळावर पांढऱ्या रंगाची खूण करायची. प्रत्येक खुणेला गेज, म्हणजे दोन रुळांमधलं अंतर, मोजायचं. आपल्या ब्रॉडगेजचं माप १६७६ मिलिमीटर. मग दोन रुळांची पातळी, मग खडीची खोली, मग रूळ स्लीपरला धरून ठेवणाऱ्या किती क्लिपा जागेवर आहेत, किती ढिल्या. कॅरिज-वॅगनवाले चाकं मोजतात. एका ॲक्सलवरच्या दोन चाकांमधलं आतलं अंतर १६०० मिलिमीटर हवं. इंजिनमधून वेगाचा चार्ट काढून घ्यायचा. बाजूला जखमींचे विव्हळण्याचे आवाज, आणि आम्ही दोन मिलिमीटरवरून वाद घालतोय. त्या वेळी मला हे फार निर्दय वाटलं होतं. आता तसं वाटत नाही.

पण जॉइंट नोटच्या आधीची अर्धा-पाऊण घटका मला सांगायलाच हवी. मी जागेवर पोचलो तेव्हा बाकीचे चौघे यायचे होते. रूळ वेल्डच्या जागी तुटला होता. दोन रूळ जिथे वितळलेल्या लोखंडाने जोडतात तो थर्मिट वेल्ड. त्याच्या शेजारी रुळाच्या पोटावर रंगाने महिना, वर्ष आणि वेल्डरचा नंबर लिहिलेला असतो. तो रंग टॉर्चमध्ये स्वच्छ वाचता येत होता. मी खाली वाकून तुटलेलं तोंड पाहिलं. वरचा सगळा भाग ताजा, साखरेच्या खड्यासारखा चमकणारा. आणि अगदी तळाला, रुळाच्या पायाच्या एका कडेला, बोटाच्या पेराएवढी काळी चंद्रकोर. ती कड आधीपासून तडकलेली होती. आत हवा, पाणी गेलेलं होतं. रोजच्या गाड्यांखाली ती मिलिमीटर-मिलिमीटरने वाढत गेली आणि जानेवारीच्या गारठ्यात, रूळ आखडून ताणलेला असताना, बाकीचा रूळ एका दमात मोडला. हे सगळं मला एका नजरेत कळलं. दुसऱ्या क्षणी हेही कळलं की हा रूळ माझा आहे.

माझ्या मनात काय आलं ते लिहितो. क्रेन यायला दोन तास होते, दव पडत होतं. मी काहीही केलं नाही, नुसतं उघडं पडू दिलं, तरी सकाळपर्यंत सगळं तोंड सारखंच तांबूस झालं असतं. कॅरिजवाल्यांच्या एखाद्या चाकावर चपटा भाग सापडला असता तर बोट तिकडे दाखवता आलं असतं. चपटं चाक रुळावर घणासारखं आदळतं हे सगळ्यांना ठाऊक आहे. मी दहा-बारा मिनिटं तसाच बसून होतो. मग गँगमनला कोरडं फडकं आणि प्लास्टिक आणायला सांगितलं. दोन्ही तोंडं झाकली, वरून गोणपाट बांधलं आणि बाकीचे येईपर्यंत तिथून हललो नाही.

जॉइंट नोटवर व्हायचं ते झालं. चौघांनी लिहिलं, ‘रूळ तुटल्यामुळे.’ मी लिहिलं, वेल्ड जुन्या भेगेपासून तुटला हे मान्य, पण गाडीची सगळी चाकं मोजल्याशिवाय अंतिम मत देणार नाही. त्यातला निम्मा भाग खरा आग्रह होता आणि निम्मा स्वतःला वाचवण्याचा. दोन्ही तुकडे पाच जणांसमोर लाखेने सील केले. दुपारी तीनला पहिली मालगाडी त्या जागेवरून सावकाश निघून गेली.

दुसऱ्या दिवशी आयुक्त आले. पन्नाशी ओलांडलेले, दाक्षिणात्य, मोडकं हिंदी बोलणारे. स्टेशनवर हारतुऱ्याची तयारी झाली होती, ती त्यांनी हाताने थांबवली आणि सरळ जागेवर चालत निघाले. दोन किलोमीटर. रस्त्यात कुणाशी बोलले नाहीत, फक्त स्लीपर मोजत असल्यासारखं खाली पाहत होते. सील उघडलं, खिशातून भिंग काढलं आणि आधी माझी चंद्रकोर पाहायच्या ऐवजी दुसऱ्या तुकड्याचा माथा पाहिला. गाडी ज्या दिशेने जात होती त्या दिशेच्या पुढच्या तुकड्याचं तोंड वरून ठेचलेलं होतं. रूळ तुटून फट पडली की प्रत्येक चाक पुढच्या तुकड्याच्या तोंडावर आपटतं. त्या ठेचण्यावरून त्यांना पाहायचं होतं की रूळ आधीच्या गाडीखाली तुटला की याच गाडीखाली, इंजिनाखाली की मधल्या डब्याखाली. मी कारणावर थांबलो होतो; ते काळाचा हिशोब लावत होते. कारण रूळ जर तासाभर आधी तुटला असेल, तर रात्रीच्या गस्तवाल्याला तो दिसायला हवा होता.

गस्तवाला म्हणजे आमचे तात्या. निवृत्तीला दोन वर्षं राहिलेली. थंडीत रूळ तुटण्याचा धोका म्हणून रात्री गस्त असते: हातबत्ती, धोका दिसला तर ड्रायव्हरला सावध करायला रुळावर लावायचे फटाके आणि एक वही. दोन्ही टोकांच्या स्टेशन मास्तरने वहीत वेळ टाकून सही करायची. गाडी येण्याच्या पन्नास मिनिटं आधी तात्या त्या वेल्डवरून चालत गेले होते. अपघाताची बातमी कळल्यापासून त्यांनी अन्नाला हात लावला नव्हता. लोहमार्ग पोलिसांनी निष्काळजीपणाचा गुन्हा अज्ञाताविरुद्ध नोंदवला होता, आणि तो ‘अज्ञात’ म्हणजे आपणच अशी त्यांची खात्री झाली होती. त्यांचा मुलगा मला बाजूला घेऊन म्हणाला, “साहेब, आबांना नीट झोप नाही. काही करून घेतील अशी भीती वाटते.”

आयुक्तांनी तात्यांची वही पाहिली, शाई पाहिली, सह्या पाहिल्या. आणि मग म्हणाले, आज रात्री मी यांच्याबरोबर चालणार. आम्हाला वाटलं, बोलण्यापुरतं म्हणतायत. रात्री दीड वाजता ते मफलर गुंडाळून स्टेशनवर हजर. तात्या पुढे, त्यांच्या हातात तीच बत्ती. मागे आयुक्त, त्यांच्या मागे मी. अपघातापूर्वी जसं होतं तसं करायचं, असं त्यांनी मला संध्याकाळीच सांगून ठेवलं होतं. मी दुसऱ्या एका वेल्डच्या पायाच्या कडेला खडूने चंद्रकोर काढून ठेवली होती आणि तो कुठला ते तात्यांना सांगितलं नव्हतं. तात्या नेहमीच्या चालीने चालले. त्या वेल्डवरून पुढे गेले. आयुक्त थांबले, म्हणाले, “बत्ती इधर.” तात्यांनी बत्ती खाली धरली. काही दिसलं नाही, कारण रुळाचा पाय क्लिपांच्या मागे आणि खडीत बुडालेला असतो. आयुक्तांनी स्वतः बोटांनी खडी उकरली तेव्हा खडूची रेघ दिसली. ते गुडघ्यावरूनच तात्यांकडे वर पाहत म्हणाले, “मुझे भी नहीं दिखा.”

तात्या तिथेच खडीकडेच्या मातीवर बसले आणि उपरण्यात तोंड घालून रडले. आयुक्त त्यांच्या शेजारी उभे राहिले, काही न बोलता. मला तो प्रसंग कुठल्याही न्यायालयाच्या निकालापेक्षा मोठा वाटतो.

साक्षी घेतल्या त्या रेल्वे इन्स्टिट्यूटच्या हॉलमध्ये, जिथे एरवी आमच्या पोरांचं कॅरम चालतं. त्याआधी पेपरात जाहीर सूचना आली होती: अपघाताबद्दल ज्यांना काही माहिती असेल त्यांनी अमुक तारखेला येऊन सांगावी, किंवा आयुक्तांना लिहून पाठवावी. मला वाटलं होतं, कोण येतंय! शेकोटीपाशी बसलेली ती बाई आली. शाळेत शिकवत होती. ती दहाव्या डब्यात होती आणि पोराला झोप येत नव्हती म्हणून जागी होती. तिने सांगितलं, आधी पायाखालून एक मोठा ‘खाड्’ आवाज आला, मग थोड्या वेळाने मागच्या बाजूला तसाच, मग डबा नाचायला लागला. “आधीच्या डब्यांत असा आवाज ऐकला होता का?” नाही. तिच्या एका वाक्याने ठेचलेल्या तोंडाच्या हिशोबाला दुजोरा मिळाला: रूळ याच गाडीच्या मधल्या डब्यांखाली तुटला होता. म्हणजे तात्या गेले तेव्हा तो अखंड होता. ती गेली तेव्हा तात्या दारात उभे होते. दोघांची ओळख नव्हती, कुणी करूनही दिली नाही. आज वाटतं, करून द्यायला हवी होती.

मग माझी पाळी. समोर आयुक्त, बाजूला लघुलेखक, आणि भिंतीकडेच्या खुर्च्यांवर सगळ्या खात्यांचे अधिकारी. त्यांत माझे साहेबही. माझ्या घशाला कोरड पडली होती. पोलिसांत दिलेला जबाब वेगळा असतो. तिथे माणूस शब्द मोजून बोलतो. आयुक्तांनी आधी मला कायद्याचं ११७ वं कलम समजावून सांगितलं. या चौकशीत साक्षीदार जे सांगेल ते त्याच्याविरुद्ध कुठल्याही दिवाणी किंवा फौजदारी खटल्यात वापरता येत नाही. अपवाद एकच: खोटी साक्ष दिली तर तिच्यावर खटला चालतो. त्यांनी हे वाचून दाखवलं नाही, माझ्या डोळ्यांत बघून सांगितलं. पुढे म्हणाले, रेल्वे खातं तुमच्यावर काय कारवाई करील ते माझ्या हातात नाही. मला फक्त हे कळायला हवं की उद्या दुसऱ्या सेक्शनमध्ये असंच होऊ नये म्हणून काय करायचं.

मी सांगितलं. तो वेल्ड एका मोरीच्या तोंडाशी होता. काळी माती पावसात वर येते, खडीत चिखल होतो, आणि वेल्डखालचं पॅकिंग, म्हणजे ठोकून बसवलेल्या खडीचा आधार, ढिलं पडतं. ढिल्या पॅकिंगवर प्रत्येक चाकाखाली वेल्ड खाली-वर वाकतो. गेल्या पावसाळ्यानंतर मी तिथे दोनदा पॅकिंग करून घेतलं होतं, डायरीत नोंद होती. तिसऱ्यांदा ढिलं पडलेलं डिसेंबरात मला दिसलं होतं. गँग दुसऱ्या कामावर होती, म्हणून ते ‘पुढच्या आठवड्यात’ ठेवलं. तो आठवडा आला नाही. हे माझ्या डायरीत नव्हतं, कुणालाच ठाऊक नव्हतं. मी ते त्या हॉलमध्ये सांगितलं.

दुसरं सांगणं जास्त जड गेलं, कारण ते भिंतीकडेच्या खुर्च्यांबद्दल होतं. रुळाच्या आतली भेग शोधायला अल्ट्रासॉनिक तपासणी असते. ट्रॉलीसारखं यंत्र रुळावरून ढकलत नेतात, आवाजाच्या लहरी माथ्यातून खाली जातात, भेग असली की परत फिरतात. पण लहरी माथ्यातून मधल्या पोटामार्फत खाली उतरतात. पायाच्या दोन्ही बाजूंच्या पसरट कडांपर्यंत त्या पोचतच नाहीत. कडा तपासायच्या तर टेस्टरने प्रत्येक वेल्डपाशी बसून, घासून, ग्रीस लावून, वेगळा प्रोब हाताने फिरवावा लागतो. एका वेल्डला वेळ लागतो, आणि आमच्या सेक्शनमध्ये वेल्ड हजारोंनी. टेस्टरच्या जागा रिकाम्या होत्या. ट्रॉलीची तपासणी वेळच्या वेळी झाली होती, कागदावर रूळ ‘ठीक’ होता. हाताची तपासणी मात्र मागे पडली होती. मी त्याबद्दल तीन पत्रं लिहिली होती. आयुक्तांनी ती मागितली. मी फाइल पुढे केली तेव्हा साहेबांकडे पाहण्याचं धैर्य झालं नाही.

जबाब टंकून आला, वाचून दाखवला, प्रत्येक पानावर सही घेतली. बाहेर आलो तर साहेब व्हरांड्यात उभे होते. वाटलं, आता ऐकावं लागणार. ते म्हणाले, “ती पत्रं मी पण वर पाठवली होती रे. मला विचारलं नाही तर मी आपणहून सांगणार आहे.” आणि त्यांनी सांगितलं.

तुटलेले तुकडे प्रयोगशाळेत गेले. अहवालाची पूर्ण प्रत माझ्या हाती कधी आली नाही. माझ्यापुरते परिच्छेद मला वाचायला मिळाले. अपघाताचं कारण वेल्डची मोड. ओतताना राहिलेला दोष, त्यातून पायाच्या कडेला वाढलेली भेग, ढिल्या पॅकिंगने तिला दिलेली गती. गस्तवाल्याचा दोष नाही, हे एका स्वतंत्र वाक्यात. माझ्यावर दुय्यम जबाबदारी. खात्याने त्यावरून माझी एक वेतनवाढ रोखली आणि मी अपील केलं नाही. आणि त्यापुढे शिफारशी: मोऱ्यांच्या तोंडाशी असलेल्या वेल्डच्या कडांची हाताने तपासणी आधी उरकावी, टेस्टरच्या जागा भराव्यात, चिखल झालेली खडी बदलावी.

लोक मला विचारतात, शेवटी शिक्षा तुलाच झाली ना, मग या चौकशीचं एवढं कौतुक कशाला? मला त्यांना नीट उत्तर देता येत नसे. २०२३ च्या २ जूनला ओडिशात बालेश्वरजवळ बहानगा बाजार स्टेशनवर कोरोमंडल एक्स्प्रेसचा अपघात झाला, दोनशे नव्वदहून जास्त माणसं गेली, तेव्हा ते सापडलं. सुरुवातीला घातपाताचीही चर्चा झाली. सुरक्षा आयुक्तांच्या चौकशीत निघालं की सिग्नलच्या तारांच्या जोडणीत चूक होती: काही २०१८ सालच्या बदलात झालेली, काही अपघातापूर्वी फाटकाच्या कामात. सिग्नल मेन लाइनचा हिरवा, आणि गाडीला रूळ बदलायला लावणारा पॉइंट मात्र बाजूच्या लूप लाइनकडे. पण माझ्या काळजात रुतली ती त्या अहवालातली दुसरी गोष्ट. आदल्या वर्षी, २०२२ च्या १६ मे रोजी, त्याच खरगपूर मंडळात बाँकडानयाबाज स्टेशनवर चुकीच्या जोडणीमुळेच तसा प्रकार घडला होता. कुणाला इजा झाली नव्हती. तेव्हाच सगळीकडची जोडणी तपासून दुरुस्त केली असती तर बहानग्याचा अपघात झाला नसता, असं आयुक्तांनी लिहिलं. सीबीआयनेही तपास केला, तीन कर्मचाऱ्यांना अटक झाली. तो कायद्याचा भाग आहे, तो त्याच्या जागी. पण अटकेने दुसऱ्या स्टेशनवरची उलटी तार सुलटी होत नाही. ती होते कुणीतरी प्रत्येक पेटीचं झाकण उघडून पाहिल्यावर. माझी वेतनवाढ रोखल्याने माझ्याच सेक्शनमधली दुसरी भेग बुजणार नव्हती.

आणि दुसरी भेग होती.

मार्चमध्ये शेजारच्या मंडळातून एक टेस्टर उसना मिळाला. सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांचा कोल्हापूरचा पोरगा, कानाला कायम मफलर. अपघाताच्या जागेपासून चार किलोमीटरवर, दुसऱ्या एका मोरीच्या अलीकडे, आम्ही बसलो होतो. तात्या खडी उकरत होते. त्यांनी स्वतः मागून ही ड्यूटी घेतली होती. पोरग्याने वेल्डचा पाय तारेच्या ब्रशने घासला, ग्रीस लावलं, प्रोब कडेवर टेकवून बोटभर पुढे-मागे फिरवला. पडद्यावरची रेघ सपाट होती. त्याने प्रोब आणखी थोडा तिरका केला आणि रेघेतून एक टोक उभं राहिलं. त्याने प्रोब उचलला, पुन्हा ठेवला. टोक पुन्हा उभं. तो म्हणाला, “काका, हितं हाय.”

वरून पाहिलं तर वेल्ड अगदी निरोगी. रंगाने लिहिलेला महिना-वर्षसुद्धा कालच लिहिल्यासारखा. मी कंट्रोलला फोन लावला, कॉशन, म्हणजे गाड्या सावकाश नेण्याचा हुकूम, टाकायला सांगितलं. गँगने जॉगल फिशप्लेटा, म्हणजे वेल्ड जखडून ठेवणाऱ्या लोखंडी पट्ट्या, आणल्या, वेल्डच्या दोन्ही बाजूंनी बसवल्या, क्लॅम्प आवळले. तात्यांनी पाना हातात घेऊन शेवटचे आटे स्वतः दिले आणि एक-एक क्लॅम्प हाताने हलवून पाहिला. तासाभराने दुपारची पॅसेंजर आली. लाल-हिरवे झेंडे घेऊन तात्या उभे. ड्रायव्हरने शिट्टी दिली, गाडी तीसच्या वेगाने, एक-एक डबा, आमच्या समोरून त्या वेल्डवरून गेली. खिडकीतल्या एका पोराने तात्यांना हात केला. तात्यांनी हिरवा झेंडा खाली घेतला नाही, शेवटचा डबा सिग्नलपलीकडे जाईपर्यंत.